दुकानाचं शटर पडल्यावरची गल्ली : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळी पत्रांचा आणि मेलचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची. शहराच्या मध्यवस्तीत रात्री दारू पिऊन होणारा धिंगाणा, आणि त्याबद्दल आपण रहिवाशांनी काय करायचं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलून सगळी जागा यालाच दिलीये. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि कोणाचंही नाव छापलेलं नाही, कारण काही पत्रांत घरच्या गोष्टी आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही पुण्यात पेठेत राहतो. जुना वाडा पाडून झालेली सोसायटी आहे, खाली दुकानं आणि कोपऱ्यावर वाइन शॉप. दुकानात बसून प्यायची परवानगी नसते त्यामुळे लोक क्वार्टर घेतात आणि तिथेच अंडाभुर्जीच्या गाडीपाशी, डीपीच्या मागे, नाहीतर आमच्याच गाड्यांच्या बॉनेटवर ग्लास ठेवून पितात. शिव्या, उलट्या, भिंतीला लघवी, सगळं आलं. मुलगी साडेनऊला क्लासवरून येते तेव्हा तिच्यावर शेरे मारतात, आता ती लांबच्या रस्त्याने फिरून येते. ११२ ला फोन केला की गाडी येते, लोक पांगतात, गाडी गेली की परत हजर. आता सोसायटीतले पुरुष म्हणतायत की रोज रात्री आपणच पंधरावीस जण दंडुके घेऊन उतरू, दोघाचौघांना चोप दिला की सगळे सरळ होतील. मला हे पटत नाहीये पण दुसरा उपायही सुचत नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे, आणि त्या पुरुषमंडळींना माझ्यातर्फे हे वाचून दाखवा. दंडुके घरी ठेवा. रस्त्यावर दारू पिऊन त्रास देणं हा गुन्हा आहे, पण म्हणून त्या माणसाला पकडून मारायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सामान्य माणसाला अटकेचा अधिकार देतं तो फक्त त्याच्या डोळ्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडत असेल तर, किंवा माणूस घोषित गुन्हेगार असेल तर, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पिऊन बरळणारा माणूस यात बसत नाही. त्याला अडवलंत तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, कोंडलंत तर १२७, मारलंत तर ११५, आणि हे सगळं तुमच्यावर लागणार. त्यात पिऊन पडलेल्या माणसाला एक धक्का बसला, डोकं फुटपाथच्या कडेला आपटलं, की पुढचं सगळं आयुष्य कोर्टात. आणि एक सांगते, दारू प्यायलेला जमाव आणि चिडलेला जमाव समोरासमोर आले की पोलिसांना त्या दोघांत फरक करता येत नाही, त्यांनी का करावा.

आता उपायाचं. ११२ ला फोन करून उपयोग होत नाही असं तुम्ही म्हणता, पण त्या फोनकडे फक्त 'आत्ता गाडी येईल' एवढ्याच नजरेने बघू नका. प्रत्येक कॉलची नोंद होते. एकाच जागेहून, एकाच वेळेला पुन्हा पुन्हा कॉल आले की ती जागा पोलीस स्टेशनच्या कागदावर येते आणि मग तिथल्या वरिष्ठ निरीक्षकांना 'आमच्याकडे अशी तक्रारच नाही' म्हणता येत नाही. पण नुसता कॉल पुरत नाही, सोबत तुमची स्वतःची वही पाहिजे. साधी शाळेची वही चालेल. त्यात काय लिहायचं, तर तारीख, वार, वेळ, नेमकी जागा, अंदाजे किती माणसं, काय चाललं होतं, कोणाला फोन केला आणि त्यानंतर काय झालं. उदाहरणार्थ "शनिवार, रात्री १०.१०, डीपीच्या मागे, ८-१० जण, बाटली फोडली, ११२ ला कॉल, १०.३० ला गाडी आली, लोक पांगले, १०.५० ला परत आले". एवढंच. कोणाचा चेहरा नाही, कोणाची जात नाही, 'हे बाहेरून आलेले लोक' वगैरे शेरे तर अजिबात नाही. असल्या वहीत एकदा का माणसांबद्दलचा राग उतरायला लागला की ती वही पोलिसांच्या कामाची राहत नाही.

मी ज्या वस्तीतल्या मोहल्ला कमिटीत, म्हणजे रहिवासी आणि पोलीस यांच्या एकत्र समितीत, काम करते तिथे अशीच वही ठेवली होती. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की त्रास रात्रभर असतो, कारण झोपमोड झाली की रात्र मोठी वाटते. वही वाचल्यावर दिसलं की खरा गोंधळ दुकान बंद व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात सुरू होतो आणि शटर पडल्यानंतर तासाभरात संपतो, तोही मुख्यतः शुक्रवार-शनिवारी आणि पगाराच्या आठवड्यात. आणि जागा म्हणाल तर पूर्ण गल्ली नाही, दोनच ठिकाणं. एक भुर्जीची गाडी आणि दुसरं बंद पडलेल्या दिव्याच्या खांबाखालची जागा. हे कळल्यावर बोलणंच बदललं. गस्तीवरच्या पोलिसांना, म्हणजे बीट मार्शलना, रात्रभर उभं राहा सांगता येत नाही, त्यांच्याकडे हद्द केवढी आणि माणसं किती. पण 'शुक्रवारी शनिवारी साडेनऊ ते अकरा इथे दोन चकरा मारा' हे सांगता येतं आणि ते त्यांनाही झेपतं. दिव्यासाठी महापालिकेच्या विद्युत विभागाला अर्ज दिला, पाठपुरावा केला, दिवा लागला. आणि सकाळी झाडायला येणाऱ्या ताईंना मीटिंगला बोलावलं, त्यांनी हातमोज्यातून आरपार गेलेली काच आणि तळहातावरचे टाके दाखवले. तोपर्यंत वाइन शॉपचे मालक 'दुकानाबाहेर काय होतं ते माझ्या हातात नाही' असंच म्हणत होते. त्या दिवसानंतर त्यांनी काउंटरवर बाटलीसोबत प्लास्टिकचे ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या विकणं बंद केलं, आणि लगेच फरक पडला, कारण ग्लास-पाणी हातात मिळालं नाही की बरेच जण सरळ घरी जातात.

भुर्जीच्या गाडीचं जरा नीट समजून घ्या, कारण तुमच्या गल्लीत खरी गाठ तिथेच आहे असं पत्रावरून वाटतंय. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे, त्याच्या कलम ६८ प्रमाणे परवाना नसताना आपल्या जागेत लोकांना प्यायला बसवणारा दोषी ठरतो आणि कलम ८४ प्रमाणे तिथे पिताना सापडणारा. ढाब्यांवर ज्या धाडी पडतात त्या याच दोन कलमांखाली. ही कारवाई पोलीस करू शकतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागही करू शकतो, म्हणून अर्जाची एक प्रत त्यांच्या अधीक्षकांनाही द्या. पण अर्जाआधी त्या गाडीवाल्याशी बोला. तो अंडी विकून पोट भरतो, गिऱ्हाईक तोडायची त्याची हिंमत नसते आणि पिणाऱ्याला नाही म्हणायचं तर तो एकटा असतो. 'इथे पिऊ नका, कारवाई होईल' असा बोर्ड तुम्ही त्याला करून द्या, सांगा की पोलिसांनी सांगितलंय असं गिऱ्हाइकाला सांग. काही वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर मग अर्ज आहेच.

रस्त्यावर पिऊन धिंगाणा करणाऱ्यावर त्याच दारूबंदी अधिनियमाचं कलम ८५ आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची ११०, ११२ आणि ११७ ही कलमं आहेत, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आहे. या शेवटच्या कलमात पूर्वी जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) काळात दंड होता फक्त १० रुपये, १ जुलै २०२४ पासून तो १,००० रुपयांपर्यंत गेलाय आणि २४ तासांपर्यंत कैद किंवा समाजसेवेची शिक्षाही देता येते. तुमच्या अर्जात कलमं लिहिलीत तर चांगलंच पण नाही लिहिलीत तरी बिघडत नाही, ते काम पोलिसांचं आहे, तुमचं काम जागा आणि वेळ अचूक सांगणं.

मुलीवरच्या शेऱ्यांचं मात्र या सगळ्यात मिसळू देऊ नका. ती दारूची तक्रार नाही. बाईला उद्देशून घाणेरडं बोलणं हा न्याय संहितेच्या कलम ७९ खाली स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे, शेरे अश्लील असतील तर कलम ७५ सुद्धा लागतं, आणि 'अहो, प्यायलेला होता' हा त्यावर बचाव नाही. ज्या दिवशी घडेल त्याच दिवशी तक्रार द्या, महिला पोलिसांच्या दामिनी पथकाला कळवा आणि मुलीला सांगा की लांबचा रस्ता घ्यायची वेळ तिच्यावर यायला नको होती. घरातल्या मोठ्यांनी हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणं फार गरजेचं असतं, नाहीतर मुली मुकाट्याने रस्ते बदलत जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आणि त्या पंधरावीस पुरुषांना उतरायचंच असेल तर जरूर उतरू दे. दंडुक्याऐवजी खुर्च्या घेऊन. साडेनऊ ते साडेदहा सोसायटीच्या दारात बसा, बायकाही बसा, पोरांना खेळू द्या, गप्पा मारा, कोणाला हटकू नका. माणसांची वर्दळ असलेल्या उजेडाच्या जागी लोक सहसा प्यायला बसत नाहीत. काही झालंच तर फोन करायचा, मध्ये पडायचं नाही. पोलीस मित्र म्हणून नाव नोंदवलंत तरी नियम हाच, त्या ओळखपत्राने तुम्हाला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत.

मोहल्ला कमिटी म्हटलं की लोकांना दंगल आठवते, आणि ते खरंही आहे. भिवंडीत १९८८ पासून सुरेश खोपडे यांनी तिथे पोलीस उपायुक्त (डीसीपी) असताना मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये शेजारी मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तिथलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कमिटीत नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी वस्तीतली साधी माणसं होती आणि ती पोलिसांना आधीपासून, रोजच्या किरकोळ कारणांसाठी भेटत होती. तुमच्या गल्लीतही अर्ज द्यायला नगरसेवकाच्या मागे शंभर माणसं नेऊ नका, तुम्ही चारपाच जण, त्यात झाडणाऱ्या ताई, दुकानदार आणि एखादी कॉलेजची मुलगी असे जा, दर महिन्याला जा, आणि काम झालं की आभार मानायलाही जा.

फुटेजचं एक राहिलंच. सोसायटीच्या सीसीटीव्हीतलं फुटेज पोलिसांना द्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : आमच्या वॉर्डात वाइन शॉप आणि देशी दारूचं दुकान दोन्ही आहेत. गावाकडे बायका मतदान करून 'बाटली आडवी' करतात तसं शहरात करता येतं का? — महिला बचत गटाच्या सदस्या, नाशिक

उत्तर : येतं. २००८ च्या आदेशाने गावांसाठी ही पद्धत घालून दिली आणि नंतर ती शहरातल्या वॉर्डांनाही लागू झाली. आधी वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा, त्या सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. पण ही निम्मी मतं मोजताना वॉर्डातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदार धरतात, त्या दिवशी मतदानाला आलेल्या बायका नव्हे. गावात सगळ्या एकमेकींना ओळखतात, घरोघर जाऊन बोलावता येतं. शहरात यादीतल्या कितीतरी जणी घर बदलून गेलेल्या असतात, कोणी नोकरीवर असते, आणि न आलेली प्रत्येक बाई आडव्या बाटलीच्या विरोधात धरल्यासारखी होते. म्हणून सह्या गोळा करायच्या आधी मतदार यादी घेऊन बसा आणि कोण इथे राहतं, कोण नाही ते तपासून नावं दुरुस्त करून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे पण शहरात सगळं इथेच अडतं.

आणि दुकान बंद झालं की प्रश्न मिटला असं धरून चालू नका. मी दारूबंदीच्या विरोधात नाही, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तिथल्या बायकांनी ती मिळवायला आणि टिकवायला काय काय केलंय याबद्दल मला फार आदर आहे. पण चंद्रपूरला २०१५ मध्ये केलेली दारूबंदी २०२१ मध्ये सरकारने उठवली तेव्हा अवैध दारू आणि वाढलेले गुन्हे हेच कारण दिलं होतं, ते कोणाला पटो न पटो. शहरात तर पुढच्या चौकात दुसरं दुकान असतंच. त्यामुळे वही, दिवा, मीटिंग हे सगळं दोन्ही बाबतीत करावं लागणार आहे, दुकान राहिलं तरी आणि गेलं तरी.

प्रश्न : मी कार्डिफला, म्हणजे वेल्समध्ये राहतो, इथल्या हॉस्पिटलात काम करतो. इथे शनिवारी रात्री सेंट मेरी स्ट्रीटवर हजारो लोक प्यायलेले असतात, रग्बीची मॅच असली तर विचारूच नका, तरी बरंचसं नियंत्रणात असतं. आमच्या इमर्जन्सीच्या रिसेप्शनवर मारामारीत जखमी झालेल्याला विचारतात की कुठे मारलं, किती वाजता, कशाने. मला वाटायचं हे पोलिसांसाठी आहे, पण नाव तर देत नाहीत. हे आपल्याकडे करता येईल का? — एक वाचक, कार्डिफ

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण तुम्ही ज्या रिसेप्शनबद्दल लिहिलंय ती गोष्ट जगभर 'कार्डिफ मॉडेल' म्हणून ओळखली जाते. तिथले जबड्याचे आणि चेहऱ्याचे सर्जन जोनाथन शेफर्ड यांच्याकडे फुटलेल्या ग्लासने चिरलेले चेहरे शिवायला यायचे, आणि त्यांच्या लक्षात आलं की यातल्या कितीतरी घटना पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. मार खाणारा स्वतः प्यायलेला असतो, घाबरलेला असतो, किंवा त्याला प्रकरण वाढवायचं नसतं. पण टाके घालायला तो येतोच. मग १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटल, पोलीस आणि सिटी कौन्सिल यांना एका टेबलाशी बसवलं. हॉस्पिटलने नाव-गाव काढून टाकून फक्त जागा, वेळ आणि हत्यार एवढं द्यायचं, पोलिसांनी गस्त त्या जागांकडे वळवायची, कौन्सिलने तुमच्या पत्रातला तो सेंट मेरी स्ट्रीट वीकेंडच्या रात्री गाड्यांना बंद करायचा, आणि ज्या पबच्या आत सारखी डोकी फुटतायत त्याच्या मालकाला बोलावून सांगायचं की हे तुझ्याकडचे आकडे. बियरचे ग्लास फुटलं तरी धारदार तुकडे होणार नाहीत अशा काचेचे वापरावेत हा आग्रहही त्यांचाच.

याचा परिणाम मोजलेला आहे. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात कार्डिफची तुलना तशाच १४ इंग्लिश-वेल्श शहरांशी केली होती. मारामारीमुळे हॉस्पिटलात भरती व्हावं लागणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये दर लाख लोकांमागे महिन्याला ७ वरून ५ वर आलं, त्याच काळात बाकीच्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. यासाठी कार्डिफने लोकांचं पिणं बंद केलं नाही की नवा कडक कायदा केला नाही, कुठे आणि केव्हा हे नीट लिहून ठेवलं आणि ते योग्य माणसाच्या हातात दिलं. पुण्याच्या ताईंना मी वही ठेवा म्हणून एवढं मागे लागून सांगितलं ते यासाठीच.

आपल्याकडे करता येईल का, तर निम्मं काम आधीच होतंय. सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मारहाणीची केस आली की एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदवतात, मोठ्या हॉस्पिटलांत पोलीस चौकीही असते. पण तो कागद त्या एका केसपुरता, कोर्टात लागला तर लागेल म्हणून ठेवलेला असतो. महिनाभराच्या एमएलसी एकत्र घेऊन 'यातल्या इतक्या या चौकातल्या, इतक्या या बारच्या बाहेरच्या, बहुतेक रात्री अकरा ते एक' असं नावं वगळून कोणी पाहिलं आणि ते वॉर्डच्या मीटिंगमध्ये मांडलं तर केवढं काम होईल. वेगळा निधी लागत नाही, एक क्लार्क आणि महिन्यातला एक दिवस लागतो. आपल्यासारख्यांनी महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे ही मागणी करायला हवी आणि तुमच्यासारख्या तिथे काम करणाऱ्या मराठी माणसांनी ते तिथे कसं चालतं हे इथल्या डॉक्टरांना समजावून सांगायला हवं. मेलवर तुमचा संपर्क आहेच, आमच्या एक-दोन डॉक्टर वाचकांशी गाठ घालून द्यायची आमची तयारी आहे.

तिकडची आणखी एक गोष्ट इथल्या वाचकांसाठी सांगते. स्ट्रीट पास्टर्स म्हणून चर्चशी जोडलेले स्वयंसेवक असतात, २००३ मध्ये लंडनच्या ब्रिक्सटन भागात सुरू झालेलं काम आता अनेक शहरांत आहे. मध्यरात्री जॅकेट घालून गटाने फिरतात, उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलीला साध्या रबरी चपला देतात म्हणजे पायात काच जाणार नाही, पाण्याची बाटली देतात, एकटी असेल तर टॅक्सी येईपर्यंत शेजारी थांबतात. ही माणसं कोणाला पकडत नाहीत आणि रागावत तर मुळीच नाहीत. आपल्याकडे गस्त म्हटली की पहिल्यांदा काठीच का आठवते याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : माझी परमिट रूम आहे, लायसन्स रीतसर, फी वेळेवर. गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर फुटपाथवर भांडले तर पोलीस मला बोलावतात आणि समोरच्या बिल्डिंगचे लोक मलाच शिव्या घालतात. बाहेरची जबाबदारी माझी कशी? — एक व्यावसायिक, ठाणे

उत्तर : कायद्याने प्रत्येक भांडण तुमच्या माथी मारता येणार नाही हे मान्य. पण तो माणूस किती प्यायलाय हे त्या फुटपाथवर सगळ्यात आधी कोणाला माहीत असतं, तर तुमच्या वेटरला. झोकांड्या जाणाऱ्याला पुढचा पेग न देणं हे तुमच्याच हातात आहे, आणि वेटरने नकार दिला तर मालकाने त्याच्या बाजूने उभं राहणं हेही. वयाचं तर बोलायलाच नको, महाराष्ट्रात बियरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा त्याला दारू देणाऱ्या ठिकाणांच्या मालक-मॅनेजरांना अटक झाली आणि ती ठिकाणं सील झाली. ओळखपत्र बघायला लागतो तेवढा वेळ काढायलाच हवा होता.

बाकी तुमच्या हातातलं बरंच आहे. शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या बरीच आधी घ्या म्हणजे सगळे एकदम बाहेर लोटत नाहीत. बाहेरच्या कॅमेऱ्याचं तोंड फुटपाथकडे ठेवा. दारावरच्या माणसाला रिक्षा बोलावून द्यायचं काम द्या, आणि प्यायलेल्याच्या हातात गाडीची चावी देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे गिऱ्हाइकाला सांगायला बिलाच्या फोल्डरमध्ये एक चिठ्ठी पुरे. आणि समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला तुमच्या मॅनेजरचा असा नंबर द्या की जो रात्री साडेबारालाही उचलला जाईल. तुम्ही फोन उचलता हे कळलं की निम्म्या शिव्या बंद होतील. पुढच्या मोहल्ला कमिटीच्या मीटिंगला स्वतःहून जाऊन बसा, बोलावण्याची वाट बघू नका.

प्रश्न : ताई, बाकीचे लोक ज्यांच्याबद्दल तक्रार करतात त्यातलाच एक माझा नवरा आहे. स्टेशनजवळ फुटपाथवर पडलेला असतो, पोरं व्हिडिओ काढतात. मागे एकदा पोलिसांनी रात्रभर बसवून ठेवला, सकाळी सोडला, संध्याकाळी परत तेच. त्याला मारू नका एवढंच मला सांगायचंय. मी काय करू? — एक बहीण, कल्याण

उत्तर : ताई, तुमचं पत्र आम्ही मुद्दाम छापतोय, पुण्याच्या पत्राच्या सोबतच, म्हणजे दंडुके घेऊन निघालेल्यांनी तेही वाचावं. फुटपाथवर पडलेल्यांत दोन वेगळी माणसं असतात. एक जो शनिवारी मित्रांबरोबर जास्त पितो आणि सोमवारी कामावर जातो, त्याला दंड झाला की तो बऱ्यापैकी सुधारतो. दुसरा तुमच्या नवऱ्यासारखा, ज्याला आजार आहे. त्याला रात्रभर कोठडीत बसवून काही साधत नाही, उलट रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून पोलिसांना आधीच भेटून सांगा की हा रोज पिणारा आहे, उचलला तर मला फोन करा आणि आधी हॉस्पिटलला दाखवा. पोलीस स्टेशनमधल्या एखाद्या हवालदारांना किंवा महिला दक्षता समितीतल्या ताईंना हे माणूस म्हणून समजतं, माझा अनुभव तरी असाच आहे. घरीही दारू एकदम बंद करायला लावू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

तो बेशुद्धीसारखा पडलेला दिसला तर पाठीवर उताणा ठेवू नका, कुशीवर वळवा, कारण उलटी श्वासनलिकेत जाऊन माणूस दगावतो. हलवून, हाका मारून उठत नसेल, श्वास खरखरत किंवा अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर झोप लागलीये म्हणून सोडून देऊ नका, १०८ ला फोन करा. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्या दादांना, टपरीवाल्यांना हे आणि तुमचा नंबर देऊन ठेवा. तीच माणसं त्याला रोज बघतात आणि व्हिडिओ काढणाऱ्या पोरांना तीच हटकू शकतात.

उपचारासाठी व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फुकट आहे, तुमच्या जवळचं केंद्र ते सांगतील. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून काम करतंय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मराठी सभा ठिकठिकाणी होतात, त्याला पैसे लागत नाहीत, आणि घरच्या लोकांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट असतात. तो जायला तयार नसला तरी तुम्ही जा. तुम्हालाही कोणाशी तरी बोलायची गरज आहे, त्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तो घरी मारहाण करत असेल, पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही पण विचारते, तर आजार आहे म्हणून सहन करायचं नाही, लगेच ११२ ला किंवा महिलांसाठीच्या १८१ ला फोन करायचा. पत्रावर तुम्ही पत्ता दिलाय, कल्याण-डोंबिवलीतल्या सभांच्या वेळा आणि जागा विचारून आम्ही तुम्हाला वेगळ्या पाकिटाने पाठवतोय, पाकिटावर मासिकाचं नाव नसेल.